ओल्या कचऱ्याला गिऱ्हाईक आहे, नरवाईला कधी?

इंदूरमधील देवगुराडियाचा गोबर-धन प्रकल्प 19 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झाला. रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे 17 टन बायो-सीएनजी, म्हणजे वाहनांत वापरता येणारा जैववायू, आणि 100 टन सेंद्रिय खत तयार करण्याची त्याची क्षमता आहे. त्याचे कौतुक पुष्कळ झाले. मला मात्र त्याच्या करारातील एक अट सर्वांत मोलाची वाटते. तयार होणाऱ्या वायूपैकी किमान निम्मा वायू महापालिकेने शहर बससाठी स्वतः विकत घ्यायचा, असे त्यात ठरले. प्रकल्प चालविणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागले नाही.

दुसरा आधार नागरिकांचा. प्लास्टिक आणि काच मिसळलेला कचरा पाचकाच्या, म्हणजे कचरा कुजवून वायू तयार करणाऱ्या, टाकीत गेला, तर यंत्रे अडतात आणि उरलेले खतही शेतात टाकण्याजोगे राहत नाही. म्हणून रामबागेसारख्या जुन्या मराठी वस्तीतील घराघरांतून ओला कचरा वेगळा दिला जातो, तेव्हाच पुढचे सारे शक्य होते.

शहराबाहेर मात्र चित्र वेगळे आहे. हार्वेस्टरने गहू कापल्यावर शेतात उभी राहणारी नरवाई, म्हणजे गव्हाचे खुंट आणि काड, एप्रिल-मेमध्ये पेटविली जाते, कारण नर्मदाकाठच्या हरदा, नर्मदापुरम या जिल्ह्यांत लगेच उन्हाळी मूग पेरायचा असतो आणि हाताशी दिवस थोडे असतात. याच काडापासूनही इंधन करता येते. मध्य प्रदेश शासनाने 2025 मध्ये जैवइंधन योजना मंजूर करून असे प्रकल्प उभारणाऱ्यांना सवलती देऊ केल्या, आणि त्याच वर्षी नरवाई जाळणाऱ्या शेतकऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ न देण्याचा, तसेच पुढील वर्षी त्याचा माल हमीभावाने न घेण्याचा निर्णयही जाहीर केला. जमिनीतील सूक्ष्मजीव आणि हवा यांची हानी थांबलीच पाहिजे, यात मला शंका नाही. परंतु कारखानदाराला सवलत आणि शेतकऱ्याला दंड, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही.

काडाचे गठ्ठे बांधायला बेलर लागतो, वाहतुकीला डिझेल लागते, आणि दोन महिन्यांत गोळा झालेला माल प्रकल्पाला वर्षभर पुरवायचा, तर पावसापासून सुरक्षित अशी साठवणही लागते. हा खर्च कोणी उचलायचा, हे योजनेतच लिहिलेले असावे. देवगुराडियात वायूची खरेदी करारानेच पक्की झाली. तशीच नरवाईच्या गठ्ठ्यांचीही खरेदी पक्की करावी, आणि त्यांचा भाव कापणीच्या नव्हे, पेरणीच्या आधी जाहीर करावा, अशी माझी शासनाकडे मागणी आहे.