तुम्ही विचारलंत म्हणून: दुर्बिणीला माउंट कोणता घ्यावा?

‘दुर्बीण घ्यायची ठरलीय, माउंट कोणता घेऊ?’ असं मला वरचेवर विचारलं जातं (माउंट म्हणजे दुर्बिणीची नळी पेलणारा, फिरवणारा आधार). त्यावर मी आधी एवढंच विचारते: आकाश डोळ्यांनी पाहायचंय, की फोटो काढायचेत?

पाहायचं असेल, तर डॉब्सोनियन. यात मला काडीचीही शंका नाही. जॉन डॉब्सन १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र, ग्रह दाखवायचे, त्यातून हा माउंट रुजला. जमिनीवर ठेवलेला लाकडी खोका, टेफ्लॉनच्या तुकड्यांवर अलगद फिरणारा. नळी वर-खाली करा, खोका डावी-उजवीकडे फिरवा, झालं. माउंट स्वस्तात होतो, म्हणून पैसे प्रकाश गोळा करणाऱ्या मोठ्या आरशात घालता येतात, आणि अंधुक तेजोमेघ दिसतात ते आरशाच्या जोरावर.

मात्र आकाश तासाला १५ अंश सरकतं. २०० पट मोठं करून पाहताना नेहमीच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) जेमतेम पाव अंशाचा तुकडा दिसतो. खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात येणाऱ्या रेषेजवळचा) तारा तो मिनिटभरात ओलांडतो, म्हणून नळी सतत हळूच ढकलत राहावी लागते. हाताला त्याची लवकर सवय होते. अगदी डोक्यावरचा तारा धरणं तेवढं शेवटपर्यंत अवघडच राहतं.

फोटोंचं गणित वेगळं. इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष तुमच्या अक्षांशाइतका कलवून खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं तिकडे, रोखतात, मग एकच मोटर २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या संथ गतीने तारा धरून ठेवते. जर्मन दुर्बीणकार फ्राउनहोफरने १८२४मध्ये डोर्पाटच्या (आजचं एस्टोनियातलं तार्तू) वेधशाळेला दिलेली दुर्बीण याच रचनेवर, घड्याळाच्या यंत्रणेने फिरत असे. वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणाऱ्या माउंटलाही मोटर लावता येते, पण त्यात मधला तारा जागेवर राहिला तरी भोवतालचं आकाश त्याच्याभोवती हळूहळू फिरतं. काही सेकंदांच्या फोटोत ते कळत नाही. काही मिनिटांच्या फोटोत कडेचे तारे ओढल्यासारखे दिसतात. ग्रहांचे छोटे व्हिडिओ घ्यायचे असतील, तर ही अडचण फारशी येत नाही.

एक मात्र कळकळीने सांगते: बारीक पायांच्या ट्रायपॉडवरचा हलका इक्वेटोरियल घेऊ नका. दुकानात मोठी नळी बघून मन भुलतं, आणि घरी फोकस करायला बोट लावलं की गुरू थरथरायला लागतो. घेण्याआधी नळीला टिचकी मारून आयपीसमधून पाहा. चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर झालं नाही, तर तो माउंट तिथेच ठेवा.