शिरोडकरची बाजू

मी मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात ग्रंथपाल आहे. पावसाळ्यात आमची निम्मी ताकद पुस्तकं वाचवण्यातच जाते. भिंतींना ओल येते, कपाटात कसर लागते, बांधणीवर बुरशी धरते. तरी आठवी ते दहावीच्या मुलांचा वाचनकट्टा मी मुद्दाम याच दिवसांत भरवते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आंब्याची घाई आटोपलेली असते आणि रविवारी दुपारी मुलांना घरून निघता येतं.

यंदा मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ घेतली होती. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे दोस्त, त्याला आवडणारी शिरोडकर आणि मागे आणीबाणीचे दिवस. २००४ साली आलेली ही कादंबरी आमच्याकडे मोठ्यांच्या कपाटात असते आणि बाल सभासदाच्या कार्डावर ते कपाट उघडत नाही. म्हणून मुलांनी ती आपापल्या आयांच्या कार्डावर नेली. प्रती दोनच, त्या घरोघर फिरल्या. एक प्रत परत आली तेव्हा मधल्या एका पानाला माशाचा खवला वाळून चिकटला होता. बाजारात आईशेजारी बसून कुणीतरी ते पान वाचलं असणार. नखाने हलकेच काढला, पण पानावर गोल डाग राहिलाच.

चर्चेच्या दिवशी माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. ‘वाचनालयात पोरांना प्रेमाची पुस्तकं देतात’ असं गावात पसरलं होतं. एका मुलीचे वडील दाराशीच छत्री निथळत उभे राहिले. मच्छीमार माणूस, बंदीमुळे घरी. म्हणाले, “बाई, ह्या पुस्तकात वायट काय नाय मां?” मी म्हटलं, “बसा ना. मुलं काय बोलतात ते ऐका आणि मग तुम्हीच सांगा.” ते बाकावर बसले.

सुरुवात मुलग्यांनी केली. सुऱ्या, चित्रे, फावड्या म्हणजे आपल्यातला कोण कोण, यावर बराच वेळ हसणं चाललं. आणीबाणी मात्र कुणालाच नीट कळली नव्हती. आमचे एक निवृत्त शिक्षक सभासद त्यासाठीच आले होते. त्यांनी दिल्लीपासून सुरुवात केली नाही. ते म्हणाले, “तेव्हा आपले खासदार मधू दंडवते. राजापूर मतदारसंघ. ते बंगळूरच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. दोघं एकमेकांना पत्रं लिहायचे.” एकाने विचारलं, “काय लिहायचे, सर?” “वाचलेल्या पुस्तकांबद्दल, गाण्यांबद्दल. तुरुंगातलं पत्र तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही, हे लक्षात ठेवून लिहायचं.” मुलं गप्प झाली. वर्गात धडा शिकवताना अशी शांतता मिळत नाही, असं सर नंतर म्हणाले.

मग त्या मच्छीमाराच्या मुलीने हात वर केला. “बाई, सगळं जोशीच सांगतो. शिरोडकरला काय वाटलं ते कुठेच नाही.”

एक मुलगा म्हणाला, “गोष्टच त्याची आहे ना.”

“त्याची आहे म्हणूनच विचारतेय. तो तिच्या वाटेवर बघत उभा राहतो. तिला त्या वाटेने जाताना कसं वाटत असेल?”

“आम्ही पण एसटी स्टँडवर उभे असतो. आम्ही काय करतो?”

“काही करत नाही. पण आम्ही पलीकडून वळसा घालून जातो. लांब पडतं.”

तो मुलगा चांगला आहे, मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. दुसरी एक मुलगी मात्र पहिलीलाच अडवायला उठली. “शिरोडकरला तो आवडतो, ती आपणहून बोलते त्याच्याशी. सगळं बघणं एकाच मापाने मोजू नको.” दोघींची चांगलीच जुंपली आणि मी मध्ये पडले नाही. मला दोघींचंही पटत होतं. बोकिलांनी आपल्याला जोशीच्याच डोळ्यांनी बघायला लावलंय, त्यामुळे शिरोडकर शेवटी गाव सोडून जाते तेव्हा त्याच्याइतकेच आपणही अंधारात असतो. ही त्या पुस्तकाची ताकद आहे, आणि त्या मुलीचा प्रश्नही तिथूनच आलाय.

बाकावरून वडिलांनी लेकीला विचारलं, “तू खंयसून जातंस मगे?”

“मच्छी मार्केटच्या मागून.”

“कधी बोललंस नाय.”

ती काही बोलली नाही. मीही पुढचा प्रश्न विचारला नाही. पुस्तकातून बोध काय घेतला, हे तर मी कट्ट्यावर कधीच विचारत नाही. तो प्रश्न आला की मुलं शाळेतल्यासारखी उत्तरं देतात, आणि मग स्टँडची गोष्ट निघत नाही.

निघताना तीच मुलगी काउंटरशी आली. “मुलगी स्वतः सांगते असं पुस्तक द्या.” मी कपाटाकडे वळले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, साने गुरुजींचा श्याम, प्रकाश नारायण संतांचा लंपन. तिघेही माझे लाडके आणि तिघेही मुलगे. बालविभागात राजा-राणी, चरित्रं, विज्ञानाच्या गोष्टी आणि त्यानंतर एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने उभं राहावं असा एक खणही आमच्याकडे नव्हता.

कार्यकारी मंडळापुढे मी दोन गोष्टी मागितल्या: कुमारवयासाठी वेगळा खण, आणि बाल सभासदाच्या कार्डावर तो उघडा. कार्डाचं लगेच मान्य झालं, खणासाठी पुढच्या खरेदीत थोडी रक्कम ठेवली आहे. मागणीवहीत मुलींनी स्वतःच वेगळं पान केलंय, पण त्यावर अजून फार नावं नाहीत. तुम्हाला अशी मराठी पुस्तकं ठाऊक असतील तर जरूर कळवा. खरेदीची यादी गणपतीच्या आधी द्यायची आहे.