१६८ ची नोटीस आणि आमच्या गावाचा ग्रुप

गणपतीच्या आधी तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून नोटिसा निघतात, हे आमच्याकडे नवं नाही. मंडळाचे अध्यक्ष, डीजेवाले, जुन्या भांडणातली नावं, अशी ती ठरलेली यादी असते. गेल्या वर्षी त्यात व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन आले आणि माझंही नाव आलं.

तापीकाठच्या आमच्या गावाचा हा ग्रुप साधा आहे. सकाळी केळीचे भाव, दुपारी कुणाकडे दशक्रिया आहे ते, पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे किती उघडले ते. सुरतला आणि पुण्याला गेलेली पोरं गावाशी जोडलेली राहतात ती या ग्रुपमुळे. निवडणूक आली की थोडी हमरीतुमरी होते, मी दोघांना दम देतो, संपलं. माझं कृषी केंद्र आहे, दिवसभर फोन हातातच असतो, म्हणून ॲडमिनपण माझ्या गळ्यात पडलं.

नोटीस होती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली. जुनी १४९ ची नोटीस म्हणायचे तीच. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि आकडा बदलला. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच समज देतात, एवढाच तिचा अर्थ. मजकुरात लिहिलं होतं की ग्रुपवर आक्षेपार्ह पोस्ट पडली तर ॲडमिनला जबाबदार धरण्यात येईल. ते वाचून मी फार हललो नाही. खरी गंमत तोंडी होती. नोटीस घेऊन आलेला, गावोगावची खबर ठेवणाऱ्या गोपनीय शाखेचा हवालदार म्हणाला, "सगळ्या मेंबरांची नावं नि नंबर लिहून द्या, आणि साहेबांचा हा नंबर ग्रुपला ॲड करा."

मी सही केली, तारीख टाकली आणि सहीच्या खाली लिहिलं: नोटीस मिळाली, सदस्यांच्या यादीबाबत लेखी आदेश मिळावा. हवालदार ओळखीतलेच, माझ्याकडूनच बियाणं नेतात. ते हसले. "भाऊ, कशाले लफडामा पडस?"

लफड्यात पडायची हौस नव्हती. पण त्या यादीत अडीचशे घरांचे नंबर जाणार होते, त्यांत बायकांचे आणि कॉलेजच्या मुलींचेही. ते माझ्याकडे गावाने विश्वासाने ठेवलेत, वाटायला नव्हे.

मग ओळखीच्या वकिलांकडे बसलो. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि त्याच पुढे कामाला आल्या. एक, १६८ हे कलम समज देण्यापुरतं आहे, त्याखाली माहिती मागता येत नाही. कागद किंवा फोनमधली माहिती हवी असेल तर त्याच संहितेच्या कलम ९४ चा लेखी आदेश लागतो, आणि त्यासाठी आधी काहीतरी तपास किंवा चौकशी सुरू असावी लागते. आमच्या गावात गुन्हाच नव्हता. दुसरं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला सरसकट दोषी धरता येणार नाही. दोघांचा समान हेतू दाखवावा लागेल. ॲडमिनच्या हाती असतं काय, तर माणूस घेणं नि काढणं. आणि तिसरं म्हणजे २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि हात गरजेपुरताच घातलेला हवा, असं बजावलं. "तोंडी सांगणं हा कायद्याचा आधार नाही," वकील म्हणाले आणि चहा मागवला.

मी एक पानाचं लेखी उत्तर दिलं. समज मान्य, अफवा आली तर मी स्वतः कळवीन, यादीसाठी कृपया लेखी आदेश द्यावा. आवक क्रमांक घेतला. ठाणे अंमलदाराने शिक्का मारायला बरीच टाळाटाळ केली, पण मारला. साहेब समोर आले तेव्हा चिडलेले नव्हते, हे सांगायला हवं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि एकच शब्द उच्चारला, "राईनपाडा."

त्यावर बोलायला जागा नव्हती. १ जुलै २०१८, साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. आपल्याच धुळे जिल्ह्यातली गोष्ट. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड पाच जणांपुरते बांधले. त्या दिवसांत आमच्याही ग्रुपवर तसले व्हिडिओ फिरत होते. पोलिसांनी बघूच नये, असं मी त्या खुर्चीत बसून म्हणू शकलो नाही, आजही म्हणत नाही. मी एवढंच म्हणालो की अफवा टाकणारा शोधायला सगळ्या गावाचे नंबर लागत नाहीत. साहेबांनी "बघू" म्हटलं.

यादी पुन्हा कुणी मागितली नाही. साहेबांचा नंबर मात्र शेजारच्या गावांच्या ग्रुपात आला होता आणि आमच्या पोरांना आपोआप धाक बसला. जिल्हा परिषदेचे एक गुरुजी तर आधीच हबकलेले. सरकारी कर्मचाऱ्यांनी सोशल मीडियावर सरकारच्या धोरणांवर टीका करू नये, असा शासन निर्णय जुलै २०२५ मध्ये निघाला होता. त्यांनी पीक विम्यावर टाकलेले जुने मेसेज पुसले आणि ग्रुप सोडला. मला वाईट वाटलं ते याचं, की विम्याच्या अर्जात कुठे काय भरायचं हे त्यांच्याइतकं नीट गावात कुणी सांगत नव्हतं.

मग मी माहितीचा अधिकार वापरायचं ठरवलं. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सांगतो: महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, आणि कारण द्यावं लागत नाही. "का हवंय?" असं कुणी विचारलं तर नम्रपणे कलम ६(२) दाखवावं. कुणाचं नाव, कुठला तपास यातलं काही विचारू नये. ते कलम ८ खाली अडतं आणि अडायलाच हवं. मी नियम विचारले. ग्रुपमध्ये पोलिसांचा नंबर घेणं बंधनकारक करणाऱ्या आदेशाची प्रत, ॲडमिनकडून मिळालेल्या याद्यांची नोंदवही आहे का, आणि त्या याद्या किती काळ ठेवायच्या याचा नियम.

उत्तर येईपर्यंत मी दुसरी एक गोष्ट केली. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये आपल्या खात्याची माहिती मागवायची सोय आहे. काही दिवसांनी अहवाल तयार होतो. त्यात एकही मेसेज नाही, पण ग्रुपांची नावं, फोनबुकातले नंबर, कुठला हँडसेट, कुठल्या आयपी पत्त्यावरून आलो, कुणाला ब्लॉक केलंय, हे सगळं होतं. फेसबुकचं गाठोडं त्याहून मोठं निघालं. कधी, कुठून लॉगिन केलं, काय शोधलं, शिवाय इतर ॲपांनी आणि वेबसाइटांनी माझ्याबद्दल कळवलेलं. व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६ पासून कुलूपबंद जातात हे खरं; कुलूप फोडायला सरकारला कंपनीकडून फारसं काही मिळत नाही. पण कोण कुणाशी जोडलंय हे कुलपाच्या बाहेर असतं. आणि कुलूप फोडायची गरज गावात पडतच नाही. अडीचशे जणांत एकाने स्क्रीनशॉट काढला की झालं. बॅकअप क्लाउडवर उघडा पडलेला असतो तो वेगळाच. त्याला कुलूप लावायची सोय २०२१ पासून आहे, ती मी त्याच रात्री चालू केली आणि पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवला.

वरच्या पातळीवर कागद तरी कडक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली कुणाचे संदेश अडवून वाचायचे तर राज्यात गृह खात्याच्या सचिवाचा आदेश लागतो, आणि असे आदेश तपासायला समिती असते. २०१८ मध्ये केंद्राने सोशल मीडियावर नजर ठेवणाऱ्या केंद्रासाठी निविदा काढली, महुआ मोइत्रा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, न्यायालयाने कान टोचले आणि ऑगस्टमध्ये सरकारने प्रस्ताव मागे घेतला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मात्र सरकारने आपल्याला हव्या त्या यंत्रणेला सूट द्यायची वाट ठेवलीय. दिल्लीत निदान भांडायला कागद असतो. आमच्याकडे हवालदार दुकानात येऊन तोंडी सांगतो. त्यावर अपील कुठे करणार?

पहिलं उत्तर एका ओळीचं आलं: मागितलेली माहिती गोपनीय स्वरूपाची असल्याने देता येत नाही. वीस रुपयांचं स्टॅम्प लावून उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे पहिलं अपील केलं. सुनावणीला मी एकटाच गेलो. मुद्दा एवढाच मांडला, की मी नाव मागत नाही, नियम मागतोय. नियम गोपनीय असेल तर तो पाळायचा कुणी? अधिकारी मिश्किल होते. त्यांनी माहिती अधिकाऱ्याला तिथेच विचारलं, "आदेश आहे का?" तो गप्प.

लेखी उत्तर आलं ते असं: बंधनकारक आदेश अभिलेखावर उपलब्ध नाही, पोलिसांचा क्रमांक ग्रुपमध्ये घेणे ऐच्छिक आहे. नोंदवहीबद्दल आणि याद्या किती काळ ठेवतात त्याबद्दल एक अक्षर नाही. त्यासाठी दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे टाकलंय. ते यथावकाश लागेल.

मी ते उत्तर ग्रुपवर टाकलं आणि विचारलं, साहेबांचा नंबर घ्यायचा की नाही? मला वाटलं होतं सगळे नको म्हणतील. झालं उलटंच. विहिरीवरच्या मोटारीच्या केबल चोरीला गेलेले शेतकरी म्हणाले, घ्या की, रात्री फोन तरी उचलतील. पोरं नको म्हणाली. मतदान घेतलं, 'घ्या' जिंकलं. आता नंबर ग्रुपमध्ये आहे. ग्रुपच्या माहितीत मी पहिल्या ओळीत लिहून ठेवलंय की इथे पोलीस ठाण्याचा क्रमांक आहे, समजून लिहा. पीक विमा, बदल्या, राजकारण यासाठी पोरांनी वेगळा ग्रुप काढलाय. गुरुजी तिथे आलेत; ॲडमिन मी नाही.