शंभरावरचे तेरा रुपये

जिनिव्हात राहून मी जे काम करते ते गावाकडच्या माणसांना समजावून सांगणे सोपे नसते आणि बहुतेक वेळा मी ते टाळते. परंतु गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन टोकांकडून एकच प्रश्न माझ्यापुढे आला आणि त्याचे उत्तर नीट लिहून काढल्याशिवाय मला चैन पडेना.

युरोपातील एका मोठ्या खासगी प्रतिष्ठानाने आम्ही पाठवलेला करार सही न करता परत पाठवला. प्रकल्पाच्या खर्चावर आम्ही १३ टक्के सहाय्यक खर्च धरला होता आणि आपल्या देणगीतील एकही फ्रँक कार्यालयावर खर्च होता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. त्याच आठवड्यात अमळनेरहून आबांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, मोबाइलवर फिरत आलेला एक संदेश मला पाठवला. जगातल्या मोठ्या संस्था गरिबांच्या नावाने पैसा गोळा करतात आणि स्वतःवरच उधळतात, असे त्यात लिहिले होते. त्याखाली आबांनी स्वतः विचारले होते, "पोरी, शंभरमाईन गरिबले कितला भेटतस?" (शंभरातले गरिबाला किती मिळतात?) प्रतिष्ठानाच्या पत्राचा मला राग आला, पण आबांच्या प्रश्नाने मी अस्वस्थ झाले, कारण आबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब चोख ठेवत आलेले गृहस्थ आहेत आणि त्यांना उत्तर मिळण्याचा पूर्ण हक्क आहे.

मी संयुक्त राष्ट्रांच्या परिवारातील एका संस्थेत देणगीदार संपर्क आणि निधी संकलनाचे काम पाहते. अशा संस्थांकडे पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. सदस्य देशांनी ठरलेल्या प्रमाणात भरायची वर्गणी ही एक वाट आणि देशांनी, कंपन्यांनी, प्रतिष्ठानांनी व सामान्य माणसांनी स्वेच्छेने दिलेला निधी ही दुसरी. बाहेरच्या माणसाला वाटते की पहिल्या वाटेवर सगळे चालत असेल. प्रत्यक्षात ती वाट फार अरुंद आहे. युनिसेफ १९४६ मध्ये स्थापन झाली, तिला बंधनकारक वर्गणी मुळीच मिळत नाही; जागतिक अन्न कार्यक्रमाचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजपत्रकात सदस्यांच्या वर्गणीचा वाटा वीस टक्क्यांच्याही खाली गेला होता, म्हणूनच मे २०२२ मध्ये सदस्य देशांनी तो वाटा टप्प्याटप्प्याने वाढवून २०३०-३१ पर्यंत मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यावर नेण्याचे ठरवले. म्हणजे उरलेला सगळा पैसा कोणीतरी मागितल्याशिवाय येत नाही, आणि तो मागणाऱ्या माणसांपैकी मी एक आहे. या मागण्याचा मला कधीही कमीपणा वाटलेला नाही.

आता त्या तेरा टक्क्यांविषयी. हा आकडा कोणा अधिकाऱ्याच्या मनात आला म्हणून ठरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने तो १९८० मध्ये निश्चित केला. शंभर रुपयांच्या प्रकल्पावर तेरा रुपये वेगळे घेतले जातात, ते शंभरातून कापले जात नाहीत. त्यातून काय होते, हे एकदा कोणीतरी रखरखीत तपशिलात सांगितले पाहिजे. खरेदीच्या निविदा निघतात आणि त्यांची छाननी होते. कराराचा मसुदा कायदा विभाग वाचतो. देणगीदाराचा पैसा कुठून आला, त्यात शस्त्रास्त्रांचा किंवा तंबाखूचा व्यवसाय आहे का, याची चौकशी होते आणि गरज पडली तर मोठी देणगीही नाकारली जाते. प्रत्येक निधीचे खाते वेगळे राहते. वर्षाकाठी प्रमाणित हिशेब जातो. धोक्याच्या प्रदेशात जाणाऱ्या सहकाऱ्यांच्या सुरक्षेची आखणी होते. यातले एकही काम छायाचित्रात येत नाही, आणि मला वाटते, सगळी अडचण तिथेच आहे.

ज्या प्रतिष्ठानाने करार परत पाठवला त्याच प्रतिष्ठानाला दर तीन महिन्यांनी अहवाल हवा होता, जिल्हानिहाय आणि वयोगटनिहाय आकडे हवे होते, लाभार्थ्यांच्या मुलाखती हव्या होत्या आणि आपल्या मानचिन्हाचा फलक प्रत्येक केंद्रावर हवा होता. हे सगळे कोणी करायचे? अहवाल लिहिणाऱ्या माणसाला पगार द्यायचा नाही आणि अहवाल मात्र वेळेवर हवा, ही मागणी मी नम्र शब्दांत अमान्य केली आणि ती अमान्य करताना मला संकोच वाटला नाही. शिवाय स्वतंत्र तपासनीस पाठवण्याची त्यांची इच्छा होती. संयुक्त राष्ट्रांत 'एकच लेखापरीक्षण' असे तत्त्व आहे, म्हणजे बाहेरून तपासणी फक्त ठरलेल्या लेखापरीक्षकांनीच करायची. प्रत्येक देणगीदाराने आपापला हिशेबनीस पाठवला तर संस्थेत दुसरे काही कामच होणार नाही. हे परीक्षण किती कडक असते याची शंका असणाऱ्यांना मी अभिमानाने सांगते की भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक २०१४ ते २०२० या काळात संयुक्त राष्ट्रांच्या लेखापरीक्षक मंडळावर होते आणि २०२० ते २०२३ व पुढे २०२४ ते २०२७ अशा दोन मुदतींसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे बाह्य लेखापरीक्षक म्हणून निवडले गेले. आपल्याकडच्या लेखापरीक्षकांचे आक्षेप ज्याने वाचले आहेत त्याला अधिक सांगण्याची गरज नाही.

हा हट्ट फक्त युरोपाचा आहे असेही नाही. २०२० मध्ये आपल्या संसदेने परकीय देणगी नियमन कायद्यात दुरुस्ती केली आणि अशा देणगीतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. पन्नास टक्के फार होते, हे मलाही मान्य आहे. पण खर्च कमी म्हणजे काम चांगले, हे समीकरण एकदा मनात बसले की वीसही जास्त वाटू लागतात, मग दहा, आणि शेवटी पाच टक्क्यांत हिशेब दाखवण्यासाठी संस्था आपल्या लेखापालाला प्रकल्प समन्वयक म्हणून दाखवू लागते.

देणाऱ्याच्या मनाचा हा कल मी जिनिव्हात शिकले नाही. आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची वर्गणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो ठाऊक आहे. काल्याच्या दिवसाची पंगत आपल्या नावावर व्हावी म्हणून तीन-तीन घरे आधीच्या वर्षीच सांगून ठेवतात; वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी वाढली जात असताना अन्नदात्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते आणि त्यात वाईट काहीच नाही. पण पाण्याच्या टँकरचे पैसे, जनरेटरचे डिझेल आणि पंगतीनंतरची सफाई कोणाच्याही नावावर नसते. ते पैसे शेवटी खजिनदार कुठून तरी उभे करतो. आबा अनेक वर्षे त्या सप्ताहाचे खजिनदार होते.

आमच्याकडे अशा बांधील निधीचा परिणाम डिझेलपुरता मर्यादित राहत नाही. देणगीदार देश सांगतो की हा पैसा अमुक देशातील, अमुक जिल्ह्यातील, अमुक वयाच्या मुलांसाठीच वापरा. दूरचित्रवाणीवर जे संकट दिसते त्याच्याकडे ओघ वाढतो आणि दहा-दहा वर्षे चाललेल्या, कंटाळवाण्या झालेल्या संकटाकडे काहीच वळत नाही. गरजेचा नकाशा एक आणि निधीचा नकाशा दुसरा, असे होऊन बसते. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी मिळून ठरवले की २०२० पर्यंत मानवतावादी निधीपैकी तीस टक्के रक्कम मोकळी किंवा सैल अटींची असेल. चार वर्षांत ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. स्वीडन, नॉर्वे यांसारखे देश मात्र बराच निधी पूर्वीपासून मोकळा देत आले आहेत, आणि त्यांच्या दूतावासातील माणसांशी बोलताना मला नेहमी जाणवते की विश्वास ठेवणारा देणगीदार प्रश्न कमी विचारत नाही. तो अधिक चांगले प्रश्न विचारतो.

जाहीर केलेला पैसा आणि हाती आलेला पैसा यांतले अंतर मला अमळनेरकरांना समजावण्याची गरज नाही. वर्षानुवर्षे रखडलेले पाडळसरे धरण त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. परिषदेत टाळ्यांच्या गजरात झालेली घोषणा, त्यानंतरचा करार, त्यानंतरचा हप्ता, यांत महिने जातात. त्यातच प्रत्येक देशाचे आर्थिक वर्ष वेगळे: ब्रिटन, जपान आणि कॅनडाचे आपल्यासारखे एप्रिलपासून, अमेरिकेचे ऑक्टोबरपासून, ऑस्ट्रेलियाचे जुलैपासून. माझ्या टेबलावरची दिनदर्शिका या तारखांनीच भरलेली असते.

२०२५ ने ही दिनदर्शिकाही निरुपयोगी केली. २० जानेवारीला अमेरिकेने परदेशी मदत तपासणीच्या नावाखाली थांबवली आणि त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. फेब्रुवारीत ब्रिटनने आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. श्रीमंत देशांनी ०.७ टक्के द्यावेत हे संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्येच सांगितले होते. २०२४ मध्ये ते प्रमाण गाठणारे देश होते नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क, इतकेच. या शहरातील अनेक संस्थांमध्ये पदे कमी झाली. आमच्या मजल्यावरचे अनुभवी सहकारी गेले, त्यांच्यासोबत देणगीदारांशी वर्षानुवर्षे जोडलेले संबंधही गेले, आणि ते संबंध पुन्हा बांधण्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नाही.

अशा वेळी भारताकडे पाहताना माझा ऊर भरून येतो हे मी लपवणार नाही. २०१७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांसोबत विकास भागीदारी निधी सुरू केला आणि त्यासाठी १५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. २०२२ मध्ये अफगाणिस्तानला द्यायच्या ५० हजार टन गव्हापैकी बराचसा अटारीहून पाकिस्तानमार्गे ट्रकने पाठवला आणि जागतिक अन्न कार्यक्रमाच्या हवाली केला. आणि अमळनेरच्या माणसाला तर देणगीविषयी कोणी शिकवू नये. ज्या गावात प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, उभे राहिले, त्याच गावात १९४५ मध्ये वनस्पती तेलाच्या कारखान्याने विप्रोची सुरुवात झाली. त्या कंपनीच्या समभागांतून अझीम प्रेमजींनी मार्च २०१९ मध्ये आणखी ३४ टक्के, त्या वेळच्या किमतीने सुमारे ५२,७५० कोटी रुपयांचे, आपल्या सेवाकार्यासाठी बांधून दिले. युरोपियन सहकाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा ते नकाशावर अमळनेर शोधतात.

तरीही इथल्या लोकांच्या एका सवयीपुढे मी नमते. स्वित्झर्लंडमध्ये अगदी साधी, पेन्शनवर जगणारी माणसे मृत्युपत्रात एखाद्या संस्थेसाठी रक्कम लिहून ठेवतात, आणि अनेकदा ती कशासाठी वापरावी हे लिहीतच नाहीत. १९४६ मध्ये लोझानच्या रेडिओवरील एका कार्यक्रमातून सुरू झालेली 'शेन द्यु बॉनर' ही संस्था आजही मोठे संकट आले की देशभर एक दिवस फोनवरून देणग्या घेते, आणि माझ्या इमारतीतील शेजारी त्या दिवशी फोन करतातच. आपल्याकडे माणूस याहून कमी देत नाही, कदाचित मिळकतीच्या मानाने अधिकच देतो, पण ते मंदिराला, नात्याला, आजारी शेजाऱ्याला देतो. न पाहिलेल्या माणसासाठी, न पाहिलेल्या खजिनदाराच्या भरवशावर देणे आपल्याला अजून जड जाते. याला कारणे आहेत आणि ती सगळी आपल्या मनाच्या कोतेपणाची नाहीत. फसवणुकीचे अनुभव आपल्या वाट्याला जास्त आले आहेत.

पगाराचा मुद्दा राहिला. जिनिव्हातील पगार रुपयांत मोजले तर ते डोळे दिपवणारे दिसतात. इथले घरभाडे आणि आरोग्य विमा भरल्यावर ते तसे राहत नाहीत. आणि माझा पगार त्याच तेरा टक्क्यांतून येतो, हे वाचकांना माहीत असले पाहिजे, म्हणजे माझे म्हणणे त्यांना त्या माहितीसह तोलता येईल. तरीही मी तेच म्हणेन. बंदरात उतरलेली औषधे पुढच्या ट्रकभाड्याची तरतूद कोणत्याच करारात नव्हती म्हणून गोदामात पडून राहिल्याची फाइल मी हाताळली आहे. औषधांसाठी देणगीदार चार होते आणि चौघांचेही मानचिन्ह खोक्यांवर ठळक छापलेले होते. ट्रकभाडे अखेर आमच्या मोकळ्या निधीतून दिले गेले.