कवटीवरून ओळख पटत नाही

सप्टेंबरच्या अखेरीस, पावसाचा जोर ओसरल्यावर, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीजवळच्या एका गावी मी चार दिवस मुक्काम केला होता. रात्री पडवीत पांढरी चादर टांगून तिच्यापुढे दिवा लावायचा आणि येतील त्या पतंगांची छायाचित्रे घेऊन वहीत नोंद करायची, एवढाच उद्योग होता. तिसऱ्या रात्री साडेदहाच्या सुमारास तळहाताएवढा एक पतंग चादरीवर न बसता थेट भिंतीवर आदळला आणि तिथेच चिकटून राहिला. त्याच्या पाठीवर पिवळसर कवटीचा ठसा होता. घरच्या आजी दारातूनच म्हणाल्या, "मढ्याची कवटी घेऊन आलंय ते. बाहेर घालव बघ आधी."

मी छायाचित्र आमच्या निसर्गप्रेमींच्या गटावर टाकले आणि पाच मिनिटांत 'ॲकेरोंशिया ॲट्रोपॉस, अतिशय दुर्मीळ' असे उत्तर आले. घाई झाली ती इथेच. लिनियसने 1758 मध्ये वर्णिलेली ॲट्रोपॉस ही जाती युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातली आहे. आपल्याकडे याच ॲकेरोंशिया प्रजातीतल्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्टिक्स आणि लॅकेसिस या दोन जाती आढळतात. कवटी मात्र तिघींच्याही पाठीवर असते. सर्वांच्या नजरेत भरणारी ही खूण प्रजातीपर्यंत नेऊन सोडते, जाती ठरवण्याच्या कामी ती फारशी येत नाही. (नावे देणाऱ्यांनाही कवटीचाच मोह पडलेला दिसतो: ग्रीक पुराणात लॅकेसिस आयुष्याचा धागा मोजते, ॲट्रोपॉस तो कापते आणि स्टिक्स ही तर ग्रीकांची वैतरणीच.)

खरी ओळख मागच्या पंखांवर आणि उदरावर असते, आणि अडचण अशी की विसावलेला पतंग नेमके हेच भाग पुढच्या पंखांखाली झाकून बसतो. पुढचे पंख झाडाच्या सालीसारखे तपकिरी, काळे, राखी. त्यांवरच्या नागमोडी रेषा पाहून मत देण्याचे धाडस मी करणार नाही. म्हणून मऊ कुंचल्याच्या टोकाने मी पुढचा पंख हळूच वर सरकवला. स्टिक्सचा मागचा पंख पिवळा असतो आणि त्यावर दोन काळे पट्टे असतात. माझ्यासमोरच्या पतंगाच्या पंखाचे मूळच काळ्या डागाने व्यापले होते आणि त्यामुळे पिवळा रंग बराच आक्रसला होता. उदराची साक्षही तीच होती. स्टिक्सचे उदर बहुतांशी पिवळे, मधोमध निळसर राखी रेघ आणि आडवी काळी कडी असे दिसते. याचे उदर वरून जवळजवळ काळपट होते आणि पिवळा रंग दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांपुरता उरला होता. पोटाच्या खालच्या अंगाला काळे पट्टे होते, जे स्टिक्समध्ये सहसा नसतात. तीन खुणा जुळल्यावर मी लॅकेसिस असे लिहिले. आकारावर मात्र मी भिस्त ठेवली नाही, कारण अळीला किती खायला मिळाले यावर पतंगाचा आकार बराच अवलंबून असतो.

नर की मादी हे भिंगातून कळले. पतंगाच्या मागच्या पंखाच्या मुळाशी एक ताठ केस असतो. तो पुढच्या पंखाखालच्या आकड्यात अडकतो आणि उडताना दोन्ही पंख एकत्र हलतात. नरात हा केस एकच आणि जाड असतो, मादीत अनेक बारीक केस असतात. इथे एकच होता. हे पाहताना पतंग उंदरासारखा चिरकला आणि आजी दोन पावले मागे सरल्या. आखूड, जाड सोंडेतून हवा आत-बाहेर करून तो हा आवाज काढतो. त्याच सोंडेने तो पोळ्यातला मध चोरतो, हे सांगितल्यावर आजींचा रोख भीतीवरून मधपेटीकडे वळला.

लॅकेसिस दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ते कोणी मागचा पंख उघडून पाहणे. शेजारच्या कारवारात वनाधिकारी असलेल्या टी. आर. बेल यांनी याच सह्याद्रीतल्या अळ्या पाळून त्यांचे पतंग होईपर्यंत नोंदी ठेवल्या आणि त्यांचा स्कॉट यांच्यासह लिहिलेला लॅकेसिसच्या स्फिंजिडी या कुळावरचा खंड 1937 मध्ये निघाला. दिव्याखालच्या एका छायाचित्रावरून जाती जाहीर करण्याची आमची सवय त्यापुढे फार उथळ वाटते.

त्याच रात्री चादरीवर नखाएवढा एक तपकिरी पतंगही आला होता. त्याच्या पंखांवरच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की जाती ठरवायची तर त्याला मारून, उदर वेगळे काढून, अल्कलीत भिजवून जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागली असती. ते मी केले नाही. वहीत त्याच्यापुढे फक्त कुळाचे नाव आहे आणि जातीची जागा कोरी आहे.