फुकटच्या संगणकांचं तिसरं वर्ष

कंपनीने गावच्या शाळेला दहा संगणक दिले की चर्चा हेतूवर येते: हे दान की धंदा? हेतू कागदावर सापडत नाही. तिसऱ्या वर्षी खर्च कोणाच्या अंगावर पडतो आणि तो पैसा कोणाकडे जातो, हे मात्र सापडतं. आधी तेच बघा.

मुळात हे सगळं स्वेच्छेचं दान नाही. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू आहे. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. 2021 मध्ये नियम कडक झाले. आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व यात धरता येत नाही, आणि या पैशांतून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. मुख्याध्यापकांनी हे कंपनीसमोर बिनधास्त बोलून दाखवावं, त्यात संकोच कसला?

धंद्याचा भाग यंत्रापेक्षा सॉफ्टवेअरमध्ये जास्त असतो. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकसनशील देशांतल्या सरकारांना विद्यार्थ्यांसाठी विंडोज एक्सपी स्टार्टर आणि ऑफिस 3 डॉलरला देऊ केलं. आणखी एक प्रत काढायला कंपनीला जवळजवळ काहीच लागत नाही, पण मुलाचा हात ज्यावर बसतो तेच तो पुढे नोकरीत मागतो. फेसबुकच्या फ्री बेसिक्स या फुकट इंटरनेटच्या योजनेत निवडक संकेतस्थळंच फुकट होती. 8 फेब्रुवारी 2016 ला दूरसंचार नियामक ट्रायने असे भेदभावाचे दर बंद केले. मोबदला पैशात घेतला नाही म्हणजे घेतलाच नाही, असं होत नाही.

आता आपल्याकडचं. देवगड-गुहागरच्या पट्ट्यात कितीतरी शाळांचा पट तिसाच्या आत आहे. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांनुसार अशा शाळेचं संयुक्त अनुदान वर्षाला 10,000 रुपये. खडू, डागडुजी, लाईट बिल, सगळं त्यातच. दहा संगणकांबरोबर दहा छोटे यूपीएस येतात आणि प्रत्येकात साधारणपणे 12 व्होल्ट 7 एएचची एक बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत जाते. एकीला हजाराच्या आसपास धरले तरी वर्षाचं अनुदान नुसत्या बॅटऱ्यांत संपलं.

शिवाय इथे त्या लवकरच जातात. मेच्या सुट्टीत यूपीएस दीड महिना बंद पडून राहतो, बॅटरी आपोआप उतरते, उतरलेल्या बॅटरीत सल्फेट धरतं आणि आधीच थकलेली असेल तर जूनमध्ये ती नीट चार्ज घेत नाही. सुट्टीत दर पंधरा दिवसांनी सात-आठ तास चार्जिंगला लावणारा माणूस नेमा. जांभ्याच्या सड्यावर अर्थिंग हा वेगळाच ताप. खड्डा एप्रिलपर्यंत कोरडा ठणठणीत होतो, म्हणून उन्हाळ्यात त्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओता. न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टच्या वर गेला, तर आधी वायरमनला बोलवा, संगणक नंतर. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढाच, पण राउटरची केबलही काढा. पोर्ट जळतात ते बहुतेक त्या वाटेने. खाऱ्या वाऱ्याने रॅमच्या पट्टीचे संपर्क काळवंडतात आणि संगणक नुसता बीप देतो. प्लग काढून पट्टी बाहेर घ्यायची, सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलकी पुसून परत बसवायची. तारीख मागे गेली आणि प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित दिसू लागलं, तर बोर्डावरचा सीआर 2032 सेल बदला. संगणक बाद झाला असं सांगून कोणी नवा खपवत असेल, तर आधी हा सेल बघा.

जुने संगणक मिळत असतील तर जास्त सावध. ई-कचरा नियम 2022 मुळे मोठ्या कंपनीला बाद यंत्रं नोंदणीकृत व्यवस्थेकडेच द्यावी लागतात. शाळेला दिली की ती जबाबदारी आपल्या दारात येते. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नसलेल्या यंत्रावर विंडोज 11 रीतसर चढत नाही. 4 जीबी रॅम असेल तर एसएसडी (वेगवान साठवण) बसवून विंडोजऐवजी हलकं, मोफत लिनक्स घाला, लिब्रेऑफिस आणि मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कळफलक लावा. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत, त्यामुळे हा गरिबाचा तोडगा म्हणून बघू नका.

नाही म्हणा, असं मी सांगणार नाही. कंपनीला नाव हवंय तर पाटी लावू दे. पण स्वीकृतीपत्रावर सही करण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: पाच वर्षांत बॅटऱ्यांचा एक पूर्ण संच कंपनी देईल; प्रशासक पासवर्ड आणि परवाने शाळेच्या नावावर असतील; शिकवण्याच्या मजकुराची वर्गणी संपल्यावरही उतरवून घेतलेले धडे उघडतील; दुरुस्ती तालुक्यातल्या कोणाकडूनही केली तरी वॉरंटी तुटणार नाही. चौथ्या अटीवर घासाघीस झाली, तर धंदा नेमका कुठे आहे ते त्याच टेबलावर कळेल.

आणि यंत्रं उतरवून घेतानाच प्रत्येकाचा अनुक्रमांक डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढवा, यूपीएसचासुद्धा, बॅटरी बसवल्याच्या तारखेसह.