मारिया, शारदा आणि आत्याचं मत

नाटकातली नायिका टीव्हीवर सगळ्यांसमोर निवडायची आणि तीही लोकांच्या मतांनी, हा उद्योग इंग्रजांनी 2006 साली केला. लंडनच्या पॅलेडियम थिएटरात ‘द साउंड ऑफ म्युझिक’ नव्यानं उभं राहायचं होतं आणि त्यातली नायिका मारिया मिळत नव्हती. तेव्हा अँड्र्यू लॉइड वेबर या बड्या संगीतकार-निर्मात्यानं बीबीसीवर स्पर्धाच लावली. आठवडाभर तालीम, शनिवारी गाणं, घरबसल्या फोनवरून मत. सगळ्यात कमी मतं पडलेल्या दोघींनी पुन्हा गायचं आणि त्यातली कुठली ठेवायची हे वेबरसाहेबांनी ठरवायचं. जिंकली कॉनी फिशर. तोवर ती टेलिसेल्सची नोकरी करत होती. सप्टेंबरात निकाल लागला आणि नोव्हेंबरात बाई मुख्य भूमिकेत रंगमंचावर.

याचे जुने तुकडे हल्ली यूट्यूबवर सापडतात. आमच्याकडे ते आत्यानं शोधले. आत्या म्हणजे जुन्या हौशी संगीत नाटकांतली. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात कुणाचा षड्ज कधी घसरला याची तिच्याकडे तोंडी नोंदवही आहे. सोफ्याच्या हातावर बोटांनी ठेका धरून, मांडीवर भडंगाची वाटी घेऊन ती बघायला बसते. गाणं ऐन रंगात आलं की रिमोट उचलते आणि आवाज बंद करते! मी पहिल्यांदा वैतागलेच.

“अगं, आवाज कशाला बंद केलास?”

“श्वास कुठं घेती ते बघू दे की. खांदे उचलतेत बघ तिचे. दोन तासांचं नाटक कसं रेटणार ही?”

पडद्यावर ती पोरगी मूकपणे तोंड उघडत होती, परीक्षकांचे डोळे पाणावले होते, आणि आमच्या घरात तिच्या खांद्यांचा पंचनामा चालला होता.

आत्याची शंका अगदीच आगाऊ नव्हती. तिकडच्या संगीत नाटकाचे आठवड्याला आठ प्रयोग होतात. कॉनीनं त्यातले सहाच करायचे, उरलेले दोन दुसऱ्या नटीनं, असं ठरवावं लागलं. पुढं काही वर्षांनी तिच्या स्वरयंत्रातच जन्मजात दोष निघाला. तो कुणा परीक्षकाला दिसला नव्हता, आणि खांदे बघून आत्यालाही दिसला नसता म्हणा.

पहिला डाव लागला म्हटल्यावर दुकान जोरात चाललं. 2007 साली ‘जोसेफ’ नाटकाचा नायक शोधला, 2008 साली ‘ऑलिव्हर’ची नॅन्सी, 2010 साली ‘विझार्ड ऑफ ऑझ’ची डोरोथी. जोसेफच्या वेळी बाद झालेल्या मुलाच्या अंगावरून जोसेफचा रंगीबेरंगी कोट बाकीचे स्पर्धक उतरवून घ्यायचे. डोरोथीच्या वेळी तर तिच्या कुत्र्याचीही निवड टीव्हीवर झाली. बीबीसीच्या पडद्यावर एका खासगी नाटकाची महिनोन्महिने फुकट जाहिरात होते, अशी टीका झाली. टीका खरीच होती. पण तीन महिने जिच्यासाठी फोन फिरवले तिला बघायला माणूस तिकीट काढणारच. यात निर्मात्याच्या हुशारीला दाद द्यावीच लागते.

मला सगळ्यात रस आहे तो नॅन्सीच्या निकालात. वेबरसाहेबांना जेसी बकली ही आयरिश मुलगी पसंत होती आणि तसं त्यांनी उघड बोलून दाखवलं होतं. लोकांनी जोडी प्रेंगरला निवडलं. जेसीला बदली कलाकार म्हणून राहायची संधी होती, ती तिनं घेतली नाही. रीतसर नाट्यशिक्षण घेतलं, सिनेमात गेली आणि 2022 साली ऑस्करच्या नामांकनात तिचं नाव आलं. जोडीनं नॅन्सी केली आणि चांगली केली. म्हणजे लोक चुकले असंही म्हणता येत नाही. त्यांना त्या नाटकापुरती नॅन्सी हवी होती, ती त्यांनी नेली.

आपल्याकडं हे काम कसं व्हायचं? 1901 साली गायक नट भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचा गळाच गेला. पुढं नारायण राजहंस नावाचा मुलगा, म्हणजेच नंतरचे बालगंधर्व, मिळाला, तो शाहू महाराजांच्या शब्दामुळं, असं सांगतात. म्हणजे मतदान एकाच माणसाचं! 1905 साली तो शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभा राहिला, तेही आमच्या शेजारच्या मिरजेत. त्या वेळी नायिका शोधायची म्हणजे मुलगाच शोधायचा, हे ऐकून आमच्या घरातली शाळकरी पोरं अजून हसतात. पुढचं प्रेक्षकांनी ठरवलं, पण तिकीट काढून, समोर बसून. वन्समोर हेच त्यांचं मत. ते प्रत्येक प्रयोगाला नव्यानं मिळवावं लागायचं. काल तीन वन्समोर घेतलेलं पद आज कोरडं गेलं, तर कालची मतं कामाला येत नसत.

टीव्हीची स्पर्धा मला थोडी खटकते ती इथं. तिथं गाण्याआधी गोष्ट येते. आई आजारी, घर लहान, वडिलांचं स्वप्न. मग हळू आवाजात व्हायोलिन, मग गाणं. आता हे आठवा: 1911 साली सांगलीच्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा मुंबईत पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. ते भामिनी म्हणून उभे राहिले, गायले. आजच्या वाहिनीनं ही गोष्ट पहिल्या पदाआधी चार वेळा दाखवली असती आणि मतांचा पाऊस पडला असता.

तरी मी असल्या कार्यक्रमांच्या विरोधात नाही. 2008-09 मध्ये ‘लिटल चॅम्प्स’ लागायचं तेव्हा आमच्या गल्लीत रात्री शुकशुकाट असायचा, आणि नाट्यगीत म्हटलं की चॅनल बदलणारी पोरं प्रथमेश लघाटेची पदं ऐकायला थांबायची. एसएमएसवर पैसे उडवले म्हणून आमच्याकडं बोलणीही बसली होती. पण तिथं विजेत्याला करंडक मिळायचा, नाटक मिळायचं नाही.

म्हणून परवा आत्याला म्हटलं, “सांगलीत अशी स्पर्धा घ्यायची, ‘शारदा’साठी. नाटककार देवल आपल्या हरिपूरचे, नाटक 1899 सालचं, म्हणजे आपलंच घरचं कार्य.” तिनं लगेच मनावर घेतलं. ऑडिशन सकाळीच हवी, कारण दुपारी जेवून गळा जड होतो. माइक लांब ठेवायचा. पद म्हणायच्या आधी प्रत्येकीनं पानभर गद्य बोलून दाखवायचं, नुसत्या गाणाऱ्या पोरी नकोत. आणि मतदान फोनवर अजिबात नाही. ज्याला मत द्यायचं त्यानं हरिपूर रोडनं चालत यावं, चिठ्ठी टाकावी.

“परीक्षक तू होशील ना?”

“होईन की. पण पायपेटीवाला माझा मी आणणार. आणि रेकॉर्डेड ट्रॅक लावलात, तर मधेच उठून जाईन, सांगून ठेवते.”